स्पॅनिश क्रियापदाची वाट मराठीतून

भाईंदरहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मोबाइलवर परदेशी भाषेचे धडे गिरवणारी मुलंमुली आता नवलाची राहिलेली नाहीत. स्पॅनिश निवडणारा पहिले काही दिवस खूश असतो. अक्षरं इंग्रजीच्या ओळखीची, लिहिलंय तसंच बरंचसं बोलायचं, शब्दही निम्मे ऐकल्यासारखे वाटतात. मग क्रियापदांचा तक्ता समोर येतो आणि उत्साह गळतो. इंग्रजीत ‘बोलणे’ या क्रियापदाची रूपं पाचच: स्पीक, स्पीक्स, स्पोक, स्पोकन, स्पीकिंग. स्पॅनिशमध्ये त्याच क्रियापदाची एकेका शब्दाची साधी रूपंच पन्नासच्या आसपास भरतात. इंग्रजीत पारंगत असलेल्या मुलालाही हे डोंगराएवढं वाटतं.

आता त्याच मुलाचं मराठी ऐका. बोलतो, बोलते, बोलतोस, बोलतेस, बोलतात, बोललो, बोलले, बोललास, बोललीस, बोलायचो, बोलायची, बोलेन, बोलशील, बोलतील, बोल, बोला, बोलू, बोलावं, बोलावंस. यादी अजून अर्धीही झाली नाही. यांतलं एकही रूप त्याने तक्ता घोकून पाठ केलेलं नाही आणि घाईगर्दीतही त्याची जीभ त्यावर अडखळत नाही. इतका पसारा ज्याच्या अंगवळणी पडलाय त्याला स्पॅनिशचा पसारा का जड जावा?

माझ्या मते कारण सरळ आहे. तो स्पॅनिशकडे इंग्रजीच्या खिडकीतून पाहतो. ॲप इंग्रजीतून शिकवतं, पुस्तक इंग्रजीतून समजावतं, आणि जी गोष्ट मराठीत रोज घडते ती इंग्रजीत नसल्यामुळे त्याला विचित्र म्हणून सांगितली जाते. क्रियापदाच्या बाबतीत मराठी आणि स्पॅनिश कितीतरी ठिकाणी शेजारी बसतात आणि इंग्रजी लांब उभी राहते.

शेवटच्या अक्षरांत काय मावतं

पश्चिम रेल्वेच्या फलाटावरचा इंडिकेटर आठवा. एका ओळीत गाडी कुठे जाणार, किती वाजता, स्लो की फास्ट, डबे बारा की पंधरा हे सगळं असतं. ज्याला ती ओळ वाचता येते त्याला कुणाला विचारावं लागत नाही. मराठी आणि स्पॅनिश क्रियापदाचा शेवट हे काम करतो. ‘बोलेन’ म्हटलं की बोलणारा मी आहे आणि बोलणं पुढे व्हायचं आहे, ही दोन्ही माहिती ‘एन’मध्ये आली. इंग्रजी तीच माहिती वेगवेगळ्या पाट्यांवर लावते: आय एक पाटी, विल दुसरी, स्पीक तिसरी. माहिती कमी होत नाही, तिची जागा बदलते. म्हणून इंग्रजीची रूपं पाच असली तरी ‘विल हॅव बीन स्पीकिंग’सारख्या माळा तिथे ओवाव्याच लागतात.

स्पॅनिशमध्ये ‘बोलणे’ म्हणजे ‘आब्लार’. शेवटचा ‘आर’ काढला की राहतो ‘आब्ल’, आणि त्याला शेपट्या लागतात. आब्लो म्हणजे मी बोलतो, आब्लास तू बोलतोस, आब्ला तो बोलतो किंवा ती बोलते, आब्लामोस आम्ही बोलतो, आब्लाइस तुम्ही बोलता, आब्लान ते बोलतात. शेपटीनेच कर्ता कळत असल्यामुळे मी, तू, आम्ही हे शब्द बहुतेक वेळा गाळले जातात. आपणही ‘कुठे निघालास?’ असं विचारतो आणि ‘बाजारात चाललोय’ असं उत्तर देतो. त्यात ना ‘तू’ असतो ना ‘मी’. इंग्रजीला हे चालत नाही. तिथे पाऊस पडत असला तरी कर्त्याच्या जागी एक ‘इट’ बसवावा लागतो. स्पॅनिश माणूस नुसतं ‘युएवे’ म्हणतो, एका शब्दात पाऊस पडून जातो.

इथे स्पॅनिश मराठीपेक्षा सोपी आहे, हेही सांगायला हवं. पुरुषाच्या तोंडी ‘मी बोलतो’, ‘तो बोलतो’, ‘आम्ही बोलतो’ या तिन्हींत रूप एकच आहे. स्पॅनिशमध्ये तिन्ही वेगळी. शिवाय बोलणारी बाई असो वा पुरुष, ‘आब्लो’ बदलत नाही. बोलतो-बोलते हा भेद क्रियापदाला ठाऊकच नाही. तो भेद विशेषणात येतो: दमलेला पुरुष ‘एस्तोय कान्सादो’ म्हणतो, दमलेली बाई ‘एस्तोय कान्सादा’. ज्याच्या डोक्यात दमलोय-दमलेय पक्कं आहे त्याला हा ‘ओ’ आणि ‘आ’ वेगळा शिकवावा लागत नाही.

आदराचंही तसंच आहे. इंग्रजीत लहानथोर सगळे ‘यू’. स्पॅनिशमध्ये जवळच्याला ‘तू’, होय, अगदी आपल्यासारखाच ‘तू’, आणि मान द्यायचा असेल तर ‘उस्तेद’. हा उस्तेद ‘बुएस्त्रा मेर्सेद’ या जुन्या दरबारी संबोधनातून आला. त्याचा अर्थ ‘आपली कृपा’ असा काहीसा. त्यामुळे त्याच्यापुढे क्रियापद तृतीय पुरुषी येतं: ‘उस्तेद आब्ला’. आपल्याकडे ‘रावसाहेब काय घेणार?’, ‘काकू बसतील का इथे?’ असं समोरच्यालाच विचारतात, ती रीत ज्याला माहीत आहे त्याला समोरच्यासाठी तृतीय पुरुष का, हे पटवून द्यावं लागत नाही.

मला आवडतं

इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्यांची पहिली मोठी ठेच म्हणजे ‘मे गुस्ता’. इंग्रजीत ‘आय लाइक मँगोज’. ज्याला आवडतात तो माणूस कर्ता, आंबे कर्म. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो’, आणि आंबे अनेक असले की ‘मे गुस्तान लोस मांगोस’. क्रियापद माणसाप्रमाणे न बदलता आंब्याप्रमाणे बदलतं. इंग्रजी पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात आणि तरीही शिकणारा ‘यो गुस्तो’ म्हणून मोकळा होतो.

मराठी माणसाला एवढंच सांगावं: मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. ‘मे’ म्हणजे मला. गुस्ता म्हणजे आवडतो, गुस्तान म्हणजे आवडतात. पुढे ‘ते गुस्ता’ म्हणजे तुला आवडतो, ‘ले गुस्ता’ म्हणजे त्याला किंवा तिला आवडतो, ‘नोस गुस्ता’ म्हणजे आम्हाला आवडतो. धडा संपला. ‘मे दुएले’ दुखण्याचं, ‘मे फाल्ता’ कमी पडण्याचं, ‘मे पारेसे’ मला वाटतं असं म्हणण्याचं. सगळी याच साच्यातली. हा साचा आपल्या भाषेत इतका मुरलाय की तो साचा आहे हेही आपल्या लक्षात येत नाही. मराठी घरातल्या मुलाला तो इंग्रजीच्या आडवळणाने शिकवला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

साष्टीवरचा स्पॅनिश राजा

मीरा-भाईंदरच्या भूमीला स्पॅनिशच्या भाषाकुळाची ओळख चार-पाचशे वर्षांची आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. साष्टी बेटाचं उत्तर टोक म्हणजे आजचं भाईंदर, घोडबंदर, उत्तनकडचा किनारा त्यात गेला, आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेपर्यंत, म्हणजे १७३७ ते १७३९ पर्यंत, त्यांच्याकडे राहिला. मधल्या काळात एक गोष्ट घडली. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेली आणि १६४० पर्यंत दोन्ही देशांचा राजा एकच होता. म्हणजे साठ वर्षं उत्तन-घोडबंदरचा धनी स्पेनच्या सिंहासनावर बसत होता. कारभार मात्र पोर्तुगीजांचा आणि पोर्तुगीज भाषेतच चालला. ही भाषा स्पॅनिशची सख्खी बहीण. क्रियापदांच्या शेपट्या थोड्याफार फरकाने त्याच.

त्या राजवटीने मराठीला शब्द भरपूर दिले. चावी, बटाटा, पाव, बादली, घमेलं, लिलाव, तुरुंग, नाताळ. ही सगळी नामं आहेत. क्रियापदं सहसा एका भाषेतून दुसरीत उडी मारत नाहीत, कारण त्यांना यजमान घरच्या शेपट्या चिकटवून घ्याव्या लागतात. नामाचं तेवढं अडत नाही. पण एक क्रियापद नामाचा वेश घेऊन आलंच. दर महिन्याला ज्याची वाट पाहतो तो ‘पगार’. पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोन्हींत ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, चुकते करणे. आब्लारसारखंच हे ‘आर’वालं क्रियापद आहे. पागो म्हणजे मी पैसे देतो, पागास म्हणजे तू देतोस. स्पॅनिशच्या सर्वांत मोठ्या क्रियापद गटाचा नमुना प्रत्येक मराठी घरात आहे, फक्त त्याचा शेवट आपण कधी सोडवून पाहिलेला नाही.

या दोन जगांची क्रियापदं समोरासमोर मांडण्याचं काम जुन्या काळी झालं ते गोव्यात. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्याला आला आणि १६१९ मध्ये वारला. मराठी वाचकाला तो ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता म्हणून माहीत असतो. त्यानेच पोर्तुगीजमधून कोकणीचं व्याकरण लिहिलं. नव्याने आलेल्या पाद्र्यांना इथली भाषा शिकता यावी हा त्याचा हेतू. ते १६४० साली राशोल इथे छापलं गेलं आणि भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण मानलं जातं. जन्माने इंग्रज, लिहिण्याची भाषा पोर्तुगीज, शिकवण्याची भाषा कोकणी. आज आपण ज्या तुलनेत पडतो ती त्याने उलट्या दिशेने केली होती.

आणि ही क्रियापदं नुसती शेजारी न राहता माणसांच्या तोंडी मिसळली तर काय होतं, तेही महाराष्ट्रात पाहायला मिळतं. वसई, साष्टी आणि मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत पोर्तुगीजची एक मिश्र बोली होती. गोव्याचे भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये तिच्यावर लिहिलं. ती इथून लोपली. पण रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावात तिची बहीण अजून बोलली जाते. या बोलीने पोर्तुगीज क्रियापदाच्या मी-तू-आम्हीच्या शेपट्या टाकून दिल्या आणि काळ दाखवायला क्रियापदाच्या आधी छोटे वेगळे शब्द घेतले, म्हणजे त्या बाबतीत ती इंग्रजीसारखी झाली. वाक्यात मात्र क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखं. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी तिने एक स्वतंत्र गटच काढला, ज्यात क्रियापद ‘उ’ने संपतं. एका गावाने चार शतकांत दोन व्याकरणांमधून तिसरं घडवलं. माझ्या दृष्टीने महाराष्ट्रातल्या भाषांच्या इतिहासातलं हे एक अत्यंत मोलाचं पान आहे आणि आपल्या शाळांमध्ये ते कुणी उघडत नाही.

जायचो आणि गेलो

आता स्पॅनिश शिकणाऱ्याला वर्षभर छळणारी गोष्ट: दोन भूतकाळ.

इंग्रजीत ‘वुई वेंट टू उत्तन’ म्हटलं की ते काल गेले की लहानपणी दर उन्हाळ्यात जायचे, हे क्रियापदावरून कळत नाही. हवं तर ‘यूज्ड टू’ लावायचं, नाही लावलं तरी खपतं. स्पॅनिशमध्ये निवड करावीच लागते. काल एकदा गेलो आणि झालं, तर ‘फुईमोस’. पूर्वी जायचो, असं चालायचं, तर ‘इबामोस’. पहिल्या रूपात घडलेली गोष्ट पूर्ण झालेली, बाहेरून पाहिलेली असते. दुसऱ्यात आपण त्या काळाच्या आत उभे असतो आणि तिची सुरुवात-शेवट महत्त्वाची नसते.

मराठी माणसाला हा भेद समजावून सांगावा लागू नये. काल उत्तनला गेलो. लहानपणी उत्तनला जायचो. आपली दहा वर्षांची पोरंही यात चुकत नाहीत. दुसऱ्या स्पॅनिश रूपात मराठीची आणखी एक रचना सामावते: ‘जेवत होतो’. मी जेवत होतो तेव्हा फोन वाजला. यातलं जेवत होतो म्हणजे ‘कोमीया’, वाजला म्हणजे ‘सोनो’. तेव्हा नियम एवढाच ठेवायचा: मनात वाक्य मराठीत उभं करा, त्यात ‘-यचो’ किंवा ‘-त होतो’ आलं तर एक भूतकाळ, ‘-लो’ किंवा ‘-ला’ आलं तर दुसरा. नियम शंभर टक्के चालणार नाही, पण ज्या नियमांची लांबलचक यादी इंग्रजी पुस्तकं देतात त्यांच्यापेक्षा लवकर तुम्हाला योग्य रूपापर्यंत नेईल.

याच भेदाची एक सुंदर बाजू आहे. ‘साबेर’ म्हणजे माहीत असणे. ‘लो साबीया’ म्हणजे मला ते माहीत होतं. त्याच क्रियापदाचं दुसरं भूतकाळी रूप ‘लो सूपे’, आणि त्याचा अर्थ होतो मला ते कळलं. ‘कोनोसेर’चंही तसंच: एका रूपात ओळखत होतो, दुसऱ्यात ओळख झाली. इंग्रजी शिक्षक याला अर्थ बदलणारी क्रियापदं म्हणतात आणि पाठ करायला लावतात. खरं तर अर्थ बदलत नाही. माहीत असणं ही स्थिती आहे. तिच्याकडे पूर्ण झालेली घटना म्हणून पाहिलं की ती ज्या क्षणी सुरू झाली तो क्षण दिसतो, आणि त्या क्षणाला आपण कळणं म्हणतो.

> चौकट: तीन भाषांत तेच
>
> मला आंबे आवडतात | मे गुस्तान लोस मांगोस | आय लाइक मँगोज
>
> काल आम्ही उत्तनला गेलो | आयेर फुईमोस आ उत्तान | वुई वेंट टू उत्तन यस्टरडे
>
> लहानपणी आम्ही उत्तनला जायचो | दे निन्योस इबामोस आ उत्तान | ॲज चिल्ड्रन वुई वेंट टू उत्तन
>
> मला माहीत होतं, मला कळलं | लो साबीया, लो सूपे | आय न्यू, आय फाउंड आउट
>
> तू यावंस अशी माझी इच्छा आहे | किएरो के बेंगास | आय वॉन्ट यू टू कम

शाळेतला विध्यर्थ

मराठी व्याकरणाच्या तासाला क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. परीक्षा झाली की ते विसरले जातात. स्पॅनिश शिकताना ते पुन्हा बाहेर काढावेत. स्पॅनिशमध्ये नुसती हकीकत सांगताना क्रियापद एका घरात असतं, आणि इच्छा, शंका, अपेक्षा, आशीर्वाद आले की दुसऱ्या घरात जातं. ‘तू येतोस’ हे ‘बिएनेस’. ‘तू यावंस’ हे ‘बेंगास’. इंग्रजीतून येणाऱ्याला हे दुसरं घर भुताटकीचं वाटतं, कारण ‘आय वॉन्ट यू टू कम’मध्ये ‘कम’ जागचं हलत नाही. मराठीत येतोसचं यावंस, पडतोचं पडावा, असं बदलणं रोजचं आहे. ‘ओहाला युएवा’ म्हणजे पाऊस पडावा. त्यातला ओहाला हा शब्द अरबीतून आलेला, त्याच्या पोटात अल्लाचं नाव आहे.

संकेतार्थही कामाला येतो. ‘तू आला असतास तर आपण गेलो असतो.’ दोन्ही तुकड्यांत ‘असता’. स्पॅनिशमध्ये ‘सी उबिएरास बेनिदो, उबिएरामोस इदो’ असं दोन्ही तुकड्यांत एकाच जातीचं रूप चालतं.

पण इथे मराठीवर पूर्ण भार टाकू नये. ‘तो येईल असं वाटत नाही’ या वाक्यात आपण साधा भविष्यकाळ वापरतो. स्पॅनिश तिथे दुसऱ्या घरात जाते. ‘तू येशील तेव्हा’ यातही तसंच. शंका आणि अजून न घडलेला ‘जेव्हा’ या दोन ठिकाणी कान इंग्रजीकडे नको आणि मराठीकडेही नको, स्पॅनिशकडेच हवेत.

जिथे मराठी फसवते

सगळ्यात मोठा फसवा भाग आपला सकर्मक भूतकाळ. मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली, मी बोरं खाल्ली. क्रियापद खाणाऱ्याला सोडून खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातं. स्पॅनिशमध्ये असलं काही नाही. मी काहीही खाल्लं तरी ‘कोमी’, त्याने खाल्लं तर ‘कोमिओ’, त्यांनी खाल्लं तर ‘कोमिएरोन’. त्याने-तिने मधला ‘ने’ही नाही.

दुसरं, मराठीत ‘असणे’ एकटं जे काम करतं ते स्पॅनिशमध्ये दोघांत वाटलेलं आहे: ‘सेर’ आणि ‘एस्तार’. सेर एखादी गोष्ट मुळात काय आहे ते सांगतं, एस्तार ती कोणत्या अवस्थेत किंवा कुठे आहे ते. कायमचं ते सेर आणि तात्पुरतं ते एस्तार, हा सोपा करून सांगितलेला नियम टाकून द्यावा. माणूस मेलेला असणं याहून कायमचं काय असेल, पण तिथे एस्तार येतं. घोडबंदरचा किल्ला शतकानुशतकं हलला नाही, तरी तो कुठे आहे हे सांगताना एस्तारच. एस्तारचं मूळ लॅटिनमधल्या उभं राहणे या क्रियापदात आहे, जे संस्कृतच्या ‘स्था’चं नातलग. स्थिती आणि स्थान हे आपले दोन शब्द त्याच धातूचे, आणि एस्तारची दोन मुख्य कामंही तीच आहेत. आंब्याबद्दल ‘एस बेर्दे’ म्हटलं तर त्याचा रंग हिरवा, ‘एस्ता बेर्दे’ म्हटलं तर तो अजून कच्चा आहे.

तिसरं लहान आहे. ‘मी उद्या पुण्याला जातोय’ हे मराठीत चालतं, इंग्रजीतही. स्पॅनिशमधलं ‘-तोय’सारखं रूप आत्ता या क्षणी चाललेल्या कामासाठीच ठेवायचं. उद्याचं सांगायला साधा वर्तमानकाळ, ‘मान्याना बोय’, म्हणजे उद्या जातो.

कुठून सुरुवात करावी

सगळ्या क्रियापदांच्या शेपट्या एकदम पाठ करायला बसू नये. स्पॅनिश क्रियापदांचे गट तीनच: आर, एर, ईर. आर गट सगळ्यांत मोठा आणि नवी क्रियापदं बहुतेक त्यातच जन्मतात. गुगलवर शोधण्याला आपण ‘गुगल करणे’ म्हणतो, स्पॅनिश ‘गुगलेआर’ करून टाकते. म्हणून आधी हा एक गट वर्तमानकाळात पक्का करावा, मग दोन भूतकाळ.

अनियमित क्रियापदांना घाबरण्याचं कारण नाही. ती मुख्यतः रोजच्या वापरातली असतात, आणि तीच अनियमित राहतात, कारण क्वचित लागणारं वाकडं रूप लोक विसरतात आणि सरळ करून टाकतात; रोज लागणारं तोंडातच राहतं. जाणे हे क्रियापद तिन्ही भाषांत वाकडं आहे: जातो-गेलो, गो-वेंट, बोय-फुई. अशी वीसेक आधी शिकून घ्यावीत, आणि तक्त्यातून न शिकता वाक्यांतून शिकावीत.

आणि ‘आब्लाइस’ या रांगेचं एक. अनेकांशी जवळिकीने बोलण्याचं हे रूप स्पेनमध्ये चालतं. लॅटिन अमेरिकेत त्याजागी ‘उस्तेदेस आब्लान’ म्हणतात, म्हणजे ‘ते बोलतात’चंच रूप. मेक्सिको, कोलंबिया किंवा पेरूच्या लोकांशी बोलण्यासाठी जो शिकतोय त्याने तक्त्यातली ती ओळ ओळखण्यापुरती वाचावी आणि सहाऐवजी पाचच रूपं तोंडात बसवावीत.